डबीतली शिट्टी

रेनो लाहती तळघरात गिटार घेऊन बसला, की नापी उठायची, अंग झाडायची आणि जिना चढून स्वयंपाकघरात जाऊन पडायची. ही सवय अलीकडची. त्याआधीची कित्येक वर्षं ती कुत्री त्याच्या स्टुलाच्या पायाशीच झोपत असे. सोल्डरच्या धुराने शिंकली तरी जागची हलत नसे. तिला वर आलेली पाहून मार्लिस, रेनोची बायको, म्हणायची, "आलीस? चला, या घरात संगीत कळणारं कुणीतरी आहे म्हणायचं."

रेनो हसून सोडून देई. कुत्री म्हातारी झाली, तळघराची गार फरशी तिला सोसत नाही, अशी त्याने आपली समजूत करून घेतली होती.

त्याचं नोकरीचं आयुष्य लोहखनिज भरडणाऱ्या कारखान्यात, यंत्रांच्या वीजजोडण्या सांभाळण्यात गेलं होतं. भरडणी बंद पडली आणि तो घरी बसला. मग हातांना काहीतरी हवं म्हणून त्याने गिटारवाल्यांसाठी पेडल बनवायला घेतली. पायाने खटका दाबला की गिटारचा स्वच्छ सूर खरखरीत, फाटका, रानटी होतो. ती करामत करणारी ही पेटी. इतरांच्या पेट्या साबणाच्या वडीएवढ्या तरी असत. रेनोची तपकिरीच्या डबीहून जेमतेम मोठी असे. त्या ॲल्युमिनियमच्या डबीत तारा खुपसायचे दोन्ही बाजूंचे जॅक समोरासमोर बसत नाहीत. अरुंद बोळात दोन माणसं अंग चोरून एकमेकांना वाट देतात, तसे ते थोडे वरखाली सरकवावे लागतात. बॅटरीला जागा नसते, वीज बाहेरून तारेने घ्यावी लागते. कोणती वस्तू आधी आत घालायची याचा क्रम चुकला, तर सगळं बाहेर काढून पुन्हा पहिल्यापासून बसावं लागतं. दुलुथपासून मिनीॲपोलिसपर्यंतचे वादक तिला 'लाहतीची डबी' म्हणत. कारखान्याने त्याला कधी नावाने ओळखलं नव्हतं. ही डबी मात्र त्याच्याच नावाने ओळखली जात होती.

आवाजाची रेघ यंत्राच्या पडद्यावर पाहणाऱ्यांची तो थट्टा करी. "सूर काय डोळ्यांनी खायचा असतो?" असं विचारी. तो स्वतः जुनी गिटार घेऊन एकच स्वरमेळ छेडत असे, डोळे मिटून ऐकत असे आणि डबी चांगली की वाईट ते ठरवत असे.

त्याची पुतणी ब्रिटा दुलुथला एका बँडमध्ये गिटार वाजवायची. हिवाळा सरता सरता ती तिची डबी घेऊन आली.

"काका, ही शिट्टी मारते."

"काय मारते?"

"शिट्टी. अगदी बारीक. खटका दाबला की मागे चालूच राहते."

रेनोने डबी जोडली, स्वरमेळ छेडला, डोळे मिटले. ओळखीचा तोच जाड, फाटका आवाज तळघरभर पसरला.

"कुठाय?"

"आत्ता वाजतेय."

"तुझ्या खोलीतला एखादा दिवा किरकिरत असेल."

"आपण तुझ्या तळघरात आहोत, काका."

त्याने डबी उघडली आणि धडधाकट असलेले सांधे पुन्हा एकदा सोल्डरने पक्के करून ती तिला परत दिली. मार्च संपायच्या आत ती पुन्हा आली. शनिवारी तिच्या बँडचं पहिलंवहिलं रेकॉर्डिंग होतं. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने तालीम ऐकून सांगितलं होतं, की ही पेटी काढ, नाहीतर सगळ्या गाण्यांवर तो किडा बसेल.

"त्याला म्हणावं, आधी कान धुऊन ये," रेनो म्हणाला.

"मलाही ऐकू येतं, काका."

"तू हल्ली दुलुथवाल्यांच्या कानांनी ऐकतेस. इथे होतीस तोवर काही वाजत नव्हतं."

ब्रिटाने डबी हळूच टेबलावर ठेवली. "ठेवते इथे," एवढंच म्हणाली आणि वर गेली. मार्लिसने कॉफी ओतली होती, वेलदोड्याचा गोड पाव कापून ठेवला होता. त्या घरातून कॉफी न घेता कुणी जात नसे. ब्रिटा उभ्या उभ्याच काकूच्या गळ्यात पडली आणि गेली. मार्लिसने तो कप तसाच मोरीत ओतला.

दुसऱ्या दिवशी मार्लिस बहिणीकडे ईलीला गेली. तिथे दोन रात्री राहून परतली, तेव्हा दारातच थबकली. हातातली पिशवी तिने खाली ठेवली नाही.

"हे कधीपासून चाललंय?"

"काय?"

"हे."

रेनोने तिच्या नजरेच्या रोखाने छताकडे पाहिलं. तिथे धुराची सूचना देणारी पांढरी चकती होती. काही जळत नव्हतं.

मार्लिस वाट पाहत राहिली. थोड्या वेळाने तिने बोट वर केलं. "आत्ता." आणखी थोड्या वेळाने, "आणि आत्ता. बॅटरी संपली की ती चिवचिवते, रेनो. मला फाटकापासून ऐकू येतंय."

तिने खुर्ची ओढली, वर चढून चकती काढली. "नऊ व्होल्टची बॅटरी दे."

"माझ्याकडे नाही. डब्यांत बॅटरी मावतच नाही."

"साऱ्या जगाला पुरतील एवढ्या तारा खाली, आणि घरात एक बॅटरी नाही," ती म्हणाली. पण तिचा आवाज थट्टेचा राहिला नाही. खुर्चीवर उभी असतानाच तिने विचारलं, "कारखान्यात कान तपासायला बोलावलं होतं. गेला होतास?"

"सगळ्यांनाच बोलावलं होतं."

"मी तुझं विचारतेय."

रेनो कॉफी ओतू लागला. कप भरला तरी ओतत राहिला.

दुपारी तो खाली गेला. नापी मागोमाग आली आणि स्टुलाशी पडली. त्याने गिटारचा आवाज मोठा करणारा अँप सुरू केला. नापी हलली नाही. त्याने गिटार छेडली. तिने एक डोळा उघडून मिटला. मग त्याने ब्रिटाच्या डबीचा खटका दाबला. कुत्रीचे कान मागे गेले, ती उठली आणि जिन्याकडे निघाली. त्याने डबी बंद केली. ती पहिल्या पायरीवर थांबली, वळून त्याच्याकडे पाहू लागली. त्याने पुन्हा खटका दाबला. ती वर निघून गेली.

म्हणजे फरशीचा प्रश्न नव्हता.

फळीवर, टपालाने जायच्या तयारीत, इतर डब्या रांगेने ठेवल्या होत्या. रेनोने हरणाच्या मांसाचा तुकडा दाखवून नापीला खाली आणलं आणि एकेक डबी जोडायला घेतली. काही डब्यांना ती शांत पडून राहिली. काहींना उठली. दर वेळी तो वर जाई, तिला पुन्हा समजावून आणी. उठवणाऱ्या डब्या त्याने डावीकडे ठेवल्या, उरलेल्या उजवीकडे. डावी बाजू भरत गेली. शेवटी मांस दाखवलं तरी नापी येईना, तेव्हा तो थांबला.

शिट्टीचं कारण त्याला ठाऊक होतं. एवढ्याशा जागेत आत येणारी तार आणि बाहेर जाणारी तार एकमेकींना खेटून पडतात. बाहेर जाणारा जोरकस आवाज येणाऱ्या तारेत पाझरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर पडतो, पुन्हा पाझरतो. त्या फेऱ्याची शिट्टी होते. डबी मोठी असली तर सहसा असं होत नाही. लहान डबीत मात्र झाकण लावण्यापूर्वी लाकडी काडीने तारा किंचित इकडे, किंचित तिकडे सारून पाहावं लागतं आणि शिट्टी विरली की तिथे हात थांबवावा लागतो. रेनो हे प्रत्येक डबीत करत आला होता. गेले कित्येक महिने आपला हात नेमका कशावर थांबत होता, हे आता त्याला सांगता येत नव्हतं.

त्याने ब्रिटाच्या डबीतल्या तारा शक्य तितक्या दूर बसवल्या. मग तिला फोन केला. "येऊन ऐकून जा," म्हणाला. त्या दिवशीच्या बोलण्याचं काय म्हणावं ते सुचेना, म्हणून म्हणाला, "काकूने पाव केलाय."

शुक्रवारी संध्याकाळी ती आली. जिन्याच्या तोंडाशी मार्लिसने तिचा हात धरून हळू आवाजात काहीतरी सांगितलं. ते काय असेल याचा अंदाज करायला रेनोला कानांची गरज नव्हती.

ब्रिटा स्टुलावर बसली. तिने गिटार घेतली, खटका दाबला, स्वरमेळ छेडला आणि तो पुरता विझेपर्यंत ऐकला. मग काकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"गेली, काका. मस्त झालीय."

रेनो तिच्याकडे पाहत नव्हता. टेबलाखाली नापी उभी राहिली होती. तिने अंग झाडलं आणि जिना चढून ती वर गेली.

"नापीचं मत वेगळं आहे," तो म्हणाला.

ब्रिटाचा चेहरा लाल झाला. "आहे थोडीशी. पण गाण्यात ती कुणाला—"

"थोडीशी म्हणजे आहे."

"मला वाटलं, तुला..."

"कळलं मला काय वाटलं ते. तुझ्या जागी मीही तेच बोललो असतो. पण असं करू नकोस. तूही खोटं सांगायला लागलीस, तर मला विचारायला कुत्रीच उरेल."

तिने मान खाली घातली. रेनोने डबीचं झाकण काढलं, काडी तिच्या हातात दिली आणि दिवा जवळ ओढला.

"निळी येणारी, पिवळी जाणारी. निळी भिंतीकडे ढकल. सावकाश. माझ्याकडे बघू नकोस."

"मोठ्या डबीत का नाही करत, काका?"

"मोठ्या डब्या करणारे पुष्कळ आहेत," तो म्हणाला; आणि थोड्या वेळाने, "बघू. आधी ही."

डबीवर दोन डोकी झुकली. आत मात्र एकच हात मावत होता. अँप घुमत होता. पूर्वी कारखान्यात मापकाच्या काट्याकडे पाहत असे, तसा रेनो पुतणीच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला.

"आता?"

"आहे."

"आता?"

"वाढली."

"मागे ये."

तिने डोळे मिटले. काडी केसभर सरकली. तिच्या भुवयांमधली आठी सुटली, आणि ती बोलायच्या आधीच रेनो म्हणाला, "थांब. तिथेच धर."

त्याने गरम गोंदाचा थेंब निळ्या तारेवर सोडला. त्याचा हात स्थिर होता. गोंद घट्ट होईपर्यंत दोघंही हलली नाहीत. त्याला आधीही हाच आवाज ऐकू येत होता, आताही हाच येत होता.

"खरंच गेली?" त्याने विचारलं.

"खरंच."

"झाकण लावल्यावर पुन्हा ऐकावं लागेल."

"ऐकते," ब्रिटा म्हणाली. तिची नजर फळीवरच्या डाव्या रांगेकडे गेली. "त्या सगळ्या?"

रेनोने होकारार्थी मान हलवली आणि डबीचे स्क्रू शोधू लागला.