एक बेल, गाडी उभी

आमच्या मालकाला जागेपणी डोळे मिटता येत न्हाईत, हे मला ते रिटायर झाल्यावर कळलं. रात्री आडवे पडले की घोरतात, ते येगळं. पण बसल्या जागी जरा डोळे मिटा म्हणलं की माणूस घामाघूम. सारा जन्म एसटी चालवली त्यांनी. हिंगोलीहून नांदेडला जाणारी पहाटेची गाडी तातेरावचीच, हे डेपोत कुणालाही विचारा. ड्रायव्हरनं डोळा मिटला की गाडीभर माणसं खड्ड्यात, हे त्यांच्या हाडात बसलेलं.

आणि नेमका मोतीबिंदू झाला, तोही दोन्ही डोळ्यांत. मला बघून "या, मदीनाबी" म्हणायचे, आणि शेजारची मदीनाबी आली की तिला म्हणायचे, चहा टाक. ती बिचारी हसत टाकायची बी. मला मात्र हसू येत नव्हतं. धुक्यात, अंधारात ज्यानं गाडी हाकली तो माणूस अंगणातली पायरी चाचपून उतरायला लागला, हे मला बघवत नव्हतं.

ऑपरेशनला नेलं तर डॉक्टरांनी परत पाठवलं. दुसऱ्यांदा नेलं, पुन्हा परत. बीपी वर चढलेलं, ते एक. पण तोंडावर हिरवं कापड टाकलं की यांचा उजवा पाय खाडकन खाली दाबला जायचा. ब्रेक. सगळं अंग हलायचं. डॉक्टर म्हणले, हत्यार डोळ्यात असताना असं झालं तर डोळा जाईल, मी हात लावणार न्हाई. रोज ठरल्या वेळेला डोळे मिटून शांत बसायची सवय लावा, बीपी उतरू द्या, मग या. पण लई उशीर नका करू, मोतीबिंदू पिकून राहिलाय.

आमची लेक साधना पुण्याला असती. तिनं लगेच मोबाईलवर ध्यानाचं काहीतरी पाठवलं. एक बाई मधाळ आवाजात सांगायची, तुम्ही एका नदीकाठी आहात, पाणी संथ वाहतंय. आमच्या मालकानं खाडकन डोळे उघडले आणि विचारलं, पुलाला कठडे हाईत का? मी म्हणलं, गप बसा. गप बसले, पण पाय ब्रेकवरच. दुसऱ्या दिवशी गुडघा दुखला, तिसऱ्या दिवशी पेपर लवकर आला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, आमचे तेवढे बी भरले न्हाईत.

मदीनाबीची पहाटेची नमाज कधी चुकलेली मी बघितली न्हाई. थंडी असो, ताप असो. एकदा तिला विचारलं, तुझं मन रोज लागतं का गं? ती म्हणली, "रोज कुठं लागतं, जनकाबाई? कधी लागतं, कधी चुलीकडं पळतं. मनाची वाट बघत बसले तर नमाजच व्हायची न्हाई. वखत झाला की उठायचं, बस."

हे मी घरी येऊन सांगितलं, तर मालक म्हणले, ती मोठी माणसं, आपल्याला जमायचं न्हाई. आता माझं डोकं फिरलं. मी जरा तोंडाची फटकळच हाय, सगळी गल्ली जाणती.

मी म्हणलं, "गाडीत एक पाशिंजर नसला तरी कळमनुरीच्या स्टँडात गाडी बराबर टायमावर लावत होता ना? रिकामी हाय म्हणून कधी चुकवलं का? मग मनाला शांती येवो न येवो, पहाटे साडेपाचला पाटावर बसायला काय धाड भरली?"

 ते हळूच म्हणले, "लावत होतो. पण कंडक्टर बेल द्यायचा तवा."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. एक बेल म्हणजे गाडी उभी. दोन बेल म्हणजे चला. एक बेल झाली, गाडी थांबली, की डबल बेल होईस्तोवर ड्रायव्हरच्या डोक्याला घोर न्हाई. चढणारे चढतील, उतरणारे उतरतील, ते कंडक्टर बघून घेईल. तेवढ्यापुरतं ते स्टेअरिंगवर डोकं टेकवायचे. पण इथं घरात बेल देतंय कोण? त्यांच्या मनात गाडी चालूच होती. रिटायर झाले तरी कुणी थांबवलीच नव्हती.

मला हसू आलं आणि मी उठले. देव्हाऱ्यातली घंटी उचलली, देवाला म्हणलं, रागावू नको, माणूस तुझाच हाय. दुसऱ्या दिवशी साडेपाचला मालकाला पाटावर बसवलं आणि एकदाच वाजवली. टण्ण. डोळे मिटले. उजवा पाय जरा उचलला, थरथरला, आणि जमिनीला टेकला. खरंच टेकला. मी पोहे फोडणीला टाकून आले तरी माणूस तसाच बसलेला. मग डबल बेल दिली.

त्या दिवसापासून एका दिवसाचा बी नागा न्हाई. डोंगरकड्याला भाच्याच्या लग्नाला गेलो, तिथं मांडवात वऱ्हाड झोपलेलं असताना मी साडेपाचला घंटी वाजवली. अर्धं वऱ्हाड आरती समजून उठून बसलं, एका म्हातारीनं तर हात जोडून कापूर मागितला. आमचं भांडण झालं तरी बेल व्हायचीच. बोलणं बंद, बेल चालू. कधी ते कुरकुरायचे की आज मन बाळापूरच्या बाजारातच अडकलं, पुढं सरकेना. मी म्हणायची, अडकू द्या. रिकामी गाडी बी चालती.

बीपी उतरलं. तिसऱ्यांदा दवाखान्यात गेलो, घंटी माझ्या पिशवीत. पण सिस्टरनं मला दारातच अडवलं. आत फक्त पेशंट. दार बंद झालं. आता परत पाठवलं तर पुन्हा कोण घेणार, याच भीतीनं मी बाकड्यावर बसून राहिले. जरा वेळानं तीच सिस्टर बाहेर आली. तिला हसावं की रागवावं कळेना झालेलं. म्हणली, आजोबा सारखे बेल मागून राहिलेत, कसली बेल?

मी उठले, दाराशी गेले आणि घंटी एकदाच वाजवली. बाकड्यावरचे सगळे पेशंट माझ्याकडं बघायला लागले. बघू द्या म्हणलं.

लई वेळ गेला. मग सिस्टर पुन्हा आली, या वेळी तोंडावर हात ठेवून हसायची तेवढी बाकी होती. पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणली, पायाचं बोट बी हललं न्हाई. पण मावशी, आजोबा उठून न्हाई राहिले. डबल बेल झाली न्हाई म्हणतात.

मी घंटी वाजवली. दोनदा.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. मालकानं मला नीट न्याहाळलं. "जनका, तुझे केस कधी पिकले गं?" मी म्हणलं, तुमी पुलाचे कठडे शोधत होता तवा.

घरी आल्यावर सकाळी मी दूध चुलीवर ठेवून, घंटी घेऊन आले. तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि मलाच पाटावर बसवलं. मी म्हणलं, येडे झाले का, दूध हाय चुलीवर, झाडायचं राहिलंय, पाणी यायची वेळ झाली.

"तुझी गाडी कवा थांबवली कुणी?" ते म्हणले. "माझ्या पहाटेच्या डब्यासाठी तू माझ्या आधी उठत होती. बस. मी बघतो. मला आता दिसतंय."

आणि त्यांनी एक बेल दिली.

मी डोळे मिटले. काय सांगू, रडूच आलं आधी. मग तेही थांबलं. बाहेर मदीनाबीची कोंबडी कुठंतरी ओरडत होती, आणि आत काहीच चालू नव्हतं. थोड्या वेळानं दूध उतू गेल्याचा करपट वास आला. हे माझ्यासमोरच बसलेले, माझ्याकडंच बघत असणार.

डबल बेल झाली नव्हती. मी डोळे उघडले न्हाईत.