तिसरा थर

“वाच की,” आप्पा म्हणाले. “इंग्रजी हाय म्हणून तर तुला दिलं.”

तेजलनं रिपोर्ट पुन्हा पहिल्या ओळीपासून धरला. ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले होते. आप्पांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, डावं मूत्रपिंड आणि तिथून मूत्राशयापर्यंत उतरणारी नळी एकत्रच काढली होती. कर्करोग त्या नळीत होता. स्कॅनवरून नुसता अंदाज येतो, खरी स्टेज काढलेला भाग कापून पाहिल्यावरच कळते, असं डॉक्टरबाई म्हणाल्या, तेव्हा घरातल्यांपैकी एकट्या आप्पांनी मान डोलावली होती.

चाकणच्या एका कंपनीत एकतीस वर्षं गोरक्षआप्पा रबरी होज, म्हणजे पाइप, तपासायचे. लॉटमधला एक उचलायचा, आडवा कापायचा, कापलेलं तोंड भिंगाखाली धरायचं. आतली नळी, तिच्यावर धाग्याची वीण, वर कव्हर. चीर कुठल्या थरापर्यंत गेली, त्यावर लॉटचं भवितव्य. “वरून तर चकाचक दिसतोय, राव,” असं सुपरवायझर कुरकुरला, की आप्पा म्हणायचे, “वरून समदेच चकाचक दिसत्यात. तूबी.”

“अस्तरातच हाय का स्नायूत शिरलंय?” त्यांनी विचारलं.

“स्नायूच्या पार गेलंय, आप्पा. बाहेरच्या चरबीपर्यंत.”

कागद घेऊन आप्पांनी एका आकड्यावर बोट ठेवलं. “ह्यो बघ, तीन. तिसरा थर, म्हंजी तिसरी स्टेज. व्हय ना?”

त्या बोटाच्या पुढेच आणखी एक आकडा होता. शेजारच्या एका लसिकाग्रंथीतही रोग पोचला होता. ग्रंथीत गेला, की थर कितवाही असो, स्टेज चौथी. डॉक्टरबाईंनी तेजलला बाहेर बोलावून हे सांगितलं होतं. होजला ग्रंथी नसतात. आप्पांच्या तर्कात बाकी कुठेच चूक नव्हती.

“हो,” तेजल म्हणाली.

“मंग टाइम हाय.” त्यांनी उशीला पाठ टेकली. “केमो उरकू दे. दिवाळी झाली का दादाकडं जाऊ.”

दादा म्हणजे थोरले भाऊ, मालोजी; तेजलचे नाना. आप्पांच्या रावेतच्या घरापासून तळेगावचं त्यांचं घर मोटरसायकलवर अर्ध्या तासाचं. नऊ वर्षांपूर्वी आजी गेली, तेव्हा आप्पा डबल शिफ्टला होते आणि फोन लॉकरमध्ये होता. ते स्मशानात पोचले तोवर चिता पेटलेली होती. “आला का साहेब? ओव्हरटाइम भरला?” मालोजी सगळ्यांदेखत म्हणाले होते. त्यानंतर बोलणं नाही.

“आत्ताच जाऊ या की,” तेजल म्हणाली.

“असा पोटाला पट्टा बांधून? त्याला दया यील आन् तो बोलंल. तसलं नको. नीट चालत जाईन, म्हणीन, दादा, चुकलं माझं.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. ती चहा टाकायला उठली.

पुढं प्रत्येक केमोच्या दिवशी तिनं ठरवलं. एकदा तर, “आप्पा, तो रिपोर्ट,” इथपर्यंत आली. “फाइलीत हाय,” ते म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले. गणपती उठले. आप्पांना धरून न्हाणीत न्यावं लागू लागलं. तरी नवरात्र बसलं तेव्हा ते दिवाळीला किती दिवस उरले ते मोजत होते.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी ते गेले.

दहाव्याला मालोजी पवनेच्या घाटावर आले. पिंड ठेवून माणसं बाजूला झाली, तसे ते काठी टेकत पायरीवर बसले.

“आजारी हाय, एवढं तरी कळवायचं, पोरी.”

“आप्पाच येणार होते तुमच्याकडे. दिवाळीनंतर.”

“एवढं झालेलं, आन् दिवाळीची वाट बघत बसला?”

तेजलनं पदर घट्ट धरला. “त्यांना तिसरी स्टेज वाटत होती, नाना. चौथी होती. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.”

मालोजींनी खांद्यावरच्या पंच्याच्या टोकानं शेजारची पायरी पुसली, तिला बसायला.

ती उभीच राहिली.