गाऱ्हाण्याला नऊ अंगठे

गोकुळदास गावस चौतीस वर्षं डिचोलीच्या एका खाणीवर ट्रकवाल्यांवर ओरडले, आणि निवृत्त झाल्यावर ओरडायला ट्रकवाले उरले नाहीत म्हणून संगणक शिकले. असं त्यांची बायको विनोदिनी सांगायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

धारगळच्या घरी, पुढच्या खोलीत बसून ते 'गाडी खंय?', म्हणजे 'गाडी कुठे?', या अ‍ॅपचं काम करत. पेडणे आणि डिचोलीकडच्या खाजगी बस कधी सुटतात ते हे अ‍ॅप सांगायचं. फुकट. त्याचा कोडही सगळ्यांना उघडा होता. कुणीही दुरुस्ती पाठवावी, इतरांनी ती तपासावी, आणि तिघांनी अंगठा दाखवला की ती संध्याकाळी पाच वाजता आपोआप अ‍ॅपमध्ये जावी, अशी व्यवस्था. अकरा माणसं हा उद्योग बिनपगारी करत होती, आणि तपासण्यात गोकुळदासांचा हात धरणारं त्यांच्यात कुणी नव्हतं. फक्त ती तपासणी सांगायची त्यांची रीत खाणीवरचीच राहिली होती.

पेडण्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेल्या सुदेशच्या कोडाखाली त्यांनी लिहिलं होतं, "ह्यां लिवताना डोळे उघडे होते काय रे तुझे?" डिचोलीच्या एका फार्मसीत काम करणाऱ्या कोमलच्या कोडाखाली त्यांनी लिहिलं, "ह्यां बघून आमच्या म्हशीन आंबोण सोडलां." अशानेच दोन चांगली पोरं सोडून गेली. मग गटाची प्रमुख विनिता, जी डिचोलीला कॉलेजात शिकवायची, तिने वर्तनसंहिता लिहून काढली. मतभेद कोडाशी असावा, माणसाशी नसावा. कुणाचा अपमान करू नये. तीन ताकिदी झाल्या की गटाबाहेर. ताकीद समिती देणार, आणि समिती म्हणजे विनिता एकटीच.

गोकुळदासांना पहिली ताकीद सुदेशच्या डोळ्यांवरून मिळाली, दुसरी म्हशीवरून. दुसरीबरोबर दुरुस्ती अडवायचा त्यांचा अधिकारही गेला. आता नुसतं मत मांडायचं, तेही सभ्यपणे.

तोंडाने ते म्हणाले, "काढतत तर काढू देत." पण संहिता त्यांनी रात्री दोनदा वाचून काढली. निवृत्तीनंतर त्यांना कुणी काही विचारत नसे. विनोदिनीसुद्धा बाजारात काय आणायचं ते शेजारणीला विचारायची. या दहा माणसांना मात्र ते लागत असत, निदान तशी त्यांची समजूत होती, आणि ती समजूत काढून घेतली तर सकाळी उठायचं कशाला हा प्रश्नच होता. त्या दिवसापासून ते एक वाक्य तीनदा खोडून लिहू लागले.

आणि अशात ती कोमलची दुरुस्ती आली. उद्या नार्वे गावची अष्टमी. अर्धी डिचोली नदीवर स्नानाला जाणार, म्हणून जादा बसच्या वेळा तिने घातल्या होत्या. काम सुबक होतं. पण बेचाळिसाव्या ओळीत तिने त्या वेळा लंडनच्या ग्रीनिच वेळेत धरल्या होत्या. म्हणजे अ‍ॅप त्यात साडेपाच तास मिळवणार, आणि सकाळी सहाची बस साडेअकराला दाखवणार!

दुपारचे साडेतीन वाजले होते. गोकुळदासांच्या बोटांवर म्हस येऊन उभी राहिली. त्यांनी तिला हाकललं.

"विनोदिनी, चूक सांगूची आसा, पण मान राखून. कशी सांगू?"

"देवासमोर उभे ऱ्हवल्यार कसे बोलतात, तसे बोला," आतून उत्तर आलं. "थंय तुमचो आवाज बरो असता."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. गावात कुठलंही काम काढायचं म्हटलं की देवळासमोर गाऱ्हाणं घालायला गोकुळदासच लागत. एकाने देवाला हात जोडून सगळं साकडं सांगायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. जे देवाला चालतं ते समितीला चालायलाच हवं, असा विचार करून त्यांनी कोमलच्या दुरुस्तीखाली लिहिलं:

"बा देवा म्हाराजा! आज तुझ्या ह्या लेकीन एक बदल आणून तुझ्या पायांकडे ठेयलो आसा. तिचो हेतू चांगलो आसा. त्यात काय चुकलां-माकलां असात, वेळेचां काय उणां-अधिक झालां असात, तर तां पदरात घे, आणि सगळ्या लेकरांक वेळेर नार्व्याक पोचय रे म्हाराजा!"

वाचून त्यांना स्वतःलाच भरून आलं. चूक सांगितली होती, वेळेचा उल्लेखही स्पष्ट होता, आणि अपमान शोधून सापडला नसता.

पहिलं उत्तर सुदेशचं आलं. "व्हय म्हाराजा!" आणि पुढे अंगठा. मग पेडण्याच्या साईशचं. "व्हय म्हाराजा!" अंगठा. आता या अकरांत एकही माणूस असा नव्हता, ज्याने लहानपणापासून गाऱ्हाण्याला व्हय म्हटलेलं नाही. गाऱ्हाणं कानावर पडलं आणि गप्प राहिलो, हे त्यांच्याच्याने होणारच नव्हतं. दहा मिनिटांत नऊ अंगठे लागले. कोड एकानेही उघडला नव्हता. खाली यंत्राने कोरडेपणाने कळवलं, 'पुरेशी संमती मिळाली आहे. बदल पाच वाजता लागू होईल.'

गोकुळदासांनी घाईघाईने दुसरं गाऱ्हाणं घातलं, "ह्या संकटातून सोडव रे म्हाराजा!" त्यालाही नऊ जण व्हय म्हणाले.

आता दुरुस्ती दोघीच थांबवू शकत होत्या, विनिता किंवा स्वतः कोमल. विनिता परीक्षेच्या हॉलमध्ये देखरेखीला होती आणि फोन उचलत नव्हती. राहिली कोमल, जिच्या तक्रारीवरून दुसरी ताकीद मिळाली होती. पाचला दहा कमी असताना त्यांनी तिला फोन लावला.

"कोमल बाय, नमस्कार. गोकुळदास गावस बोलतंय. आपल्या मौल्यवान वेळात व्यत्यय आणल्याबद्दल दिलगीर आसंय."

"काका? हंय गिराइकां उभी आसत. म्हशीचां काय सांगूचां असात तर सांगून टाका."

"नाय, नाय! म्हस खूश आसा. आपलो बदल म्हणजे इतको देखणो, इतको..."

"काका, चुकलां खंय?"

"सरळ सांगलंय तर माझी तिसरी ताकीद."

"सरळ सांगूक ताकीद नाय, काका. माणसाक हीणवूक आसा." कोमलचा आवाज चढला. "नव म्हयने तुमी माका बोलतात, पण चुकलां खंय तां एकदा तरी सांगलात? माझे बाबा, शांताराम, तुमच्याच खाणीर ट्रक चालयत होते. ते अजून सांगतत, सायब काय ओरडतत तां पंधरा वर्सांत कोणाक कळलां नाय. आमी आपले घाबरान गाडी मागे घेयत होतो."

गोकुळदासांना कानफटात बसल्यासारखं झालं. चौतीस वर्षं त्यांना वाटत होतं की खाण त्यांच्या आवाजावर चालते. ट्रक मागे जायचे हे खरं. कुठल्या बाजूने, किती, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं होतं का, ते त्यांना आठवेना. समोरच्या घड्याळात पाचला चार मिनिटं होती.

"ओळ बेचाळीस," ते म्हणाले. "तू वेळा लंडनच्या धरलंस. सगळ्या बस साडेपाच तास उशिरा दिसतल्यो."

कोमलने ओळ उघडली. "अरे देवा! काढलंय, काढलंय!" आणि पाचला दोन मिनिटं असताना दुरुस्ती मागे आली. सहाची बस सहाला राहिली. दुसऱ्या दिवशी माणसं नार्व्याला वेळेवर पोचली, आणि आपण कशातून वाचलो हे त्यांना कधी कळलंही नाही.

रात्री विनिताने समितीचा निकाल लिहिला. घडला प्रकार गंभीर आहे. पण समितीला कुणालाही ताकीद देता येत नाही, कारण समितीने स्वतः परीक्षेच्या हॉलमधून, बाकाखाली फोन धरून, दोन्ही गाऱ्हाण्यांना अंगठा दिला आहे. वर्तनसंहितेत नवं कलम जोडलं: गाऱ्हाण्याला व्हय म्हणावं, अंगठा कोड वाचून द्यावा.

गोकुळदासांनी मग आपलेच जुने अभिप्राय काढून वाचले. डोळे होते, म्हस होती, एका ठिकाणी तर सुदेशचा आजोबाही होता. ओळीचा आकडा कुठेच नव्हता. त्यांना लाज वाटली, चांगलीच वाटली, आणि विनोदिनीने दोनदा हाक मारली तरी ते जेवायला उठले नाहीत.

दोन दिवसांनी सुदेशची दुरुस्ती आली. त्यांनी लिहिलं, "ओळ अठरा. यादी रिकामी असली तर अ‍ॅप इथे बंद पडेल. बाकी काम चांगलं आहे."

पाच मिनिटांत विनिताचा विनोदिनीला फोन, काकांचं प्रेशर कधी तपासलं होतं? साईशने म्हापशाच्या एका डॉक्टरचा नंबर पाठवला. अर्ध्या तासाने सुदेश दुकानाचं शटर ओढून, दोन शहाळी घेऊन दारात हजर.

"काका, खरां सांगा. खंय दुखता?"

"माका काय झालां नाय रे!"

"हां, आवाज तसो बरो आसा," सुदेश विनोदिनीला म्हणाला. "पण 'काम चांगलं' म्हणून लिवलांनी."

गोकुळदासांना राग यायला हवा होता. पण हा पोरगा दुकान बंद करून आला होता. त्यांनी मान वळवली आणि शहाळ्यातली नळी उगाचच फिरवत बसले.

संध्याकाळी कोमलच्या नंबरवरून फोन आला. बोलत मात्र शांताराम होता.

"सायबानू, पोर म्हणता तुमी बरे नाय. खंय न्हेवचां असात तर माझी गाडी आसा."

"मी बरो आसंय, शांताराम. बरां झालां तू फोन केलंस. तुका पंधरा वर्सां मी नुसतो ओरडलंय. गाडी खंय घ्यायची तां कधी सांगूक नाय. चूक माझी होती. माफ कर."

मग शांताराम बोलला, पण फोन कानापासून लांब धरून, घाबऱ्याघुबऱ्या आवाजात: "कोमल, चावी आण गो बेगीन! सायबांचां काय खरां नाय."