रिकामी कलमं

त्याच्या कॉलरच्या घडीत तुरीचं एक टरफल अडकलं होतं — नखाएवढंसुद्धा नाही, पातळ, तांबूस, नीट पाहिलं नाही तर दिसणारही नाही असं — पण मंजुश्रीला ते दिसलं आणि एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. काढावं का? सेमिनार हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, नवऱ्याच्या मानेला हात लावून? परीक्षक बाई अजून प्राचार्यांच्या खोलीत चहा घेत होत्या. महांतेश मधल्या वाटेत उभा राहून छताचे पंखे मोजल्यासारखा वर बघत होता. नवा पांढरा शर्ट, पॅन्टला कडक इस्त्री, आणि हातात ती पिशवी. पिशवीत डाळीच्या अर्ध्या अर्ध्या किलोच्या पुड्या, कापडात शिवून आणलेल्या. एक बाईंना, एक तिच्या मार्गदर्शक सिद्धलिंग सरांना, एक प्राचार्यांना. "रिकाम्या हातानं कसं जायाचं गं? आपल्या गिरणीची डाळ हाय, चव तर बघतील," असं तो सकाळी म्हणाला होता आणि तिनं काही बोलायच्या आत पिशवी गाडीत ठेवली होती.

टरफल राहू दे. पुड्या तरी त्यानं खुर्चीखाली ठेवाव्यात... देवा, एवढं तरी ऐक.

तो ऐकल्यासारखा शेवटच्या रांगेत जाऊन बसला आणि पिशवी मांडीवर घेतली.

ती प्रोजेक्टरच्या वायरशी झटापट करत होती. हात चालत होते, पण डोळे मागच्या टेबलावर होते, कारण तिथे तिच्या प्रबंधाची एक जादा प्रत पडली होती, निळ्या पुठ्ठ्याची, सोनेरी अक्षरांची. तिथे कुणी ठेवली? आपणच ठेवली असेल, गडबडीत. सबमिट केल्यापासून ही प्रत तिनं घरी येऊ दिली नव्हती. तो विचारायचा, "पुस्तक कवा दाखवायलीस?" ती म्हणायची, तोंडी परीक्षा झाली की. आणि तो भालकीत गिरणीवर येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा, आमच्या मंजूच्या पुस्तकात माझं बोलणं छापलंय म्हणून. शिवय्या आडत्याला सांगितलं, वाळवणावरच्या ईरम्माला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं. सांगू नका, असं ती कुठल्या तोंडानं म्हणणार?

छापलं नव्हतं.

म्हणजे होतं, आणि नव्हतं. हे नीट सांगायचं तर मुळापासून सांगावं लागेल आणि मुळापासून सांगायला मला वेळ कुठाय, बाई आल्याच असतील... तिचा प्रबंध तुरीच्या वाळवणावर होता. तेल लावलेली तूर फरशीवर ऊन खाते. ती कधी परतायची, कधी गोळा करायची, निवायला किती ठेवायची, हे ठरवून गिरणीत घंटा वाजवणारा प्रोग्राम तिनं केला होता. केला होता म्हणजे दोघांनी. प्रोग्राम लिहायची तिची पद्धत अशी की एकाच फाइलीत माणसासाठी सांगणं आणि यंत्रासाठी सूचना, दोन्ही शेजारी शेजारी, कलमा-कलमानं. मग एक साधन त्यातून यंत्रापुरतं वेगळं काढतं. दुसरं साधन सगळंच्या सगळं विणून छपाईसाठी पुढे धाडतं. ते स्वतः छापत नाही. जागोजागी खुणा घालतं, आपण लिहिलेल्या खुणा तशाच पुढे सोडतं आणि शेवटी सूची जोडतं, कोणतं नाव कुठल्या कलमात आलं त्याची. त्या खुणांचं कागदावर काय करायचं ते ठरवतात मॅक्रो, आणि मॅक्रो तिचे, तिनं स्वतः लिहिलेले.

सकाळी गिरणी सुरू व्हायच्या आधी तो बोलायचा आणि ती टाइप करायची. काही कलमं अख्खी त्याची होती. "मॅक्रो म्हंजे काय गं?" त्यानं एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, कपडे घालून देणारा समजा. आत माणूस तोच, लोकांपुढे कसा दिसायचा ते हा बघतो. "मंग मला कोट घाल," तो म्हणाला आणि एवढा हसला की चहा सांडला. तिनं घातला. त्याच्या बोलण्यासाठी खास मॅक्रो केला: तिरपी अक्षरं, वर बारीक रेघ, दोन्ही बाजूंना मोकळी जागा. किती आनंदानं केला होता. मान्य करायला हरकत नाही, त्या वेळी आनंदच होता.

मग विजयश्रीनं ती पानं वाचली. शेजारच्या टेबलावरची, जिवाभावाची. स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचली, त्याच्यासारखा आवाज काढून — "तूर उन्हातनं आल्याबरोबर गिरणीत घालायची न्हाई. निवू द्यायची. तापलेल्या माणसासंगं बोलतो का आपण?" — आणि सगळे हसले. विजयश्री म्हणाली, "किती गोड गं!" वाईट कुणीच बोललं नाही. टिंगल केली असती तर मी भांडले असते, खरंच भांडले असते. पण ते गोड... लहान मुलानं पाहुण्यांसमोर गाणं म्हटलं की म्हणतात तसं गोड. हैदराबादच्या बाई हे वाचतील, चष्मा नाकावर सरकवून, आणि त्याही असंच म्हणतील, असं डोक्यात बसलं. बसवकल्याणला तिच्या घरी वडील मास्तर होते. जेवताना कुणी "न्हाई" म्हटलं तर घास थांबवून "नाही" म्हणायला लावायचे. तिनं तेव्हाच शिकून घेतलं होतं, तोंड उघडण्याआधी आपल्याला कोण ऐकतंय ते बघायचं.

सिद्धलिंग सरांनी काढ म्हटलं नव्हतं. कुणीच म्हटलं नव्हतं.

तिनं त्याचं बोलणं पुसलं नाही. पुसायला बसली होती, पण बोट चाललं नाही. हे तिनं स्वतःला कितीदा सांगितलं, की बघ, तू पुसलं नाहीस. फक्त तो एक मॅक्रो बदलला: जे येईल ते घे आणि कागदावर काही ठेवू नको. एक ओळ. फाइलीत तो जसाच्या तसा, विणणारं साधन त्याला इमानेइतबारे पुढे धाडतंय, आणि दारात उभा राहून मॅक्रो त्याला गिळतोय. पहिलं पान पाहिलं, तिरपी अक्षरं गेली होती, बरं वाटलं. पुढचं बघवलं नाही, तसंच बांधायला दिलं. आणि कलमांचे आकडे वेगळ्या खुणेनं येतात, सूची साधनच करतं, तिला माझा मॅक्रो माहीतसुद्धा नाही, हे मला, शिकवते मी हे पोरांना, मला कळू नये? त्याचं बोलणं एकदाच हिमतीनं पुसून टाकलं असतं तर सूचीतनंही नाव गेलं असतं, कुणाला पत्ता लागला नसता. अर्धवट पाप केलं की असं होतं.

महांतेश उठला होता. मागच्या टेबलाशी गेला, निळी प्रत उचलली, हात शर्टाला पुसले — अरेरे, पांढऱ्या शर्टाला — आणि उघडली. इंग्रजी त्याला जड जायचं म्हणून तो मागूनच चाळायला लागला. सूचीत त्याचं नाव देवनागरीत होतं, एवढ्या इंग्रजीत ते लगेच दिसणार. दिसलं. चेहरा फुलला. बोट आकड्यांवर ठेवलं — नऊ, चौदा, एकवीस — आणि पानं उलटायला लागला. आता नऊवर असेल. नऊचा आकडा, एक टिंब, खाली काही नाही, आणि लगेच दहा. त्यानं पान उलटून मागची बाजू पाहिली. मग चौदा काढलं. तेवढ्यात दार उघडलं, बाई आत आल्या, सगळे उभे राहिले, आणि तोही प्रत छातीशी धरून उभा राहिला.

पुढचा पाऊण तास ती चांगली बोलली. वाईट याचंच वाटतं की चांगली बोलली. आलेख, ओलाव्याचे आकडे, घंटा चुकल्याचं प्रमाण. इंग्रजी कसं सपासप येत होतं. बाई मान डोलवत होत्या. मग त्यांनी प्रत उघडली, पेन्सिलची खूण केलेलं पान काढलं आणि साध्या आवाजात इंग्रजीतच विचारलं, परिशिष्टातली ही काही कलमं रिकामी कशी? सूचीत या महांतेश नावापुढे हेच आकडे आहेत. हे कोण?

उत्तर शेवटच्या रांगेत बसलं होतं. एवढंच म्हणायचं होतं, माझे पती, तिथे बसलेत.

"मॅक्रोचा दोष आहे मॅडम," ती म्हणाली. "विणणाऱ्या साधनाचं आउटपुट बरोबर आहे, पण छपाईच्या मॅक्रोनं काही मजकूर गिळला. मी... माझ्या लक्षात आलं नाही."

आणि हे महांतेश कोण, बाईंनी पुन्हा विचारलं.

"गिरणीचे मालक. माहिती देणारे."

माहिती देणारे! बाईंनी लिहून घेतलं, अंतिम प्रतीत दुरुस्त करा म्हणाल्या, पुढचा प्रश्न विचारला. तिनं मागे पाहिलं नाही. शेवटी टाळ्या वाजल्या, डॉक्टर झाल्याचं सिद्धलिंग सरांनी जाहीर केलं, विजयश्रीनं मिठी मारली, आणि त्या मिठीतून मान वळवून तिनं पाहिलं तर महांतेश सगळ्यांत उशिरापर्यंत टाळ्या वाजवत होता.

चहाच्या टेबलाशी तो तिच्याजवळ आला. "मॅक्रोनं खाल्लं म्हणायलीस व्हय?" हळूच विचारलं. तेवढा शब्द त्याला कळला होता. ती नुसती मान हलवत राहिली. डोळे भरून आले, आणि त्यानं ते पाहिलं. "अगं, कामून रडायलीस? मशीन हाय ते, चुकतंय. आपली घंटा न्हाई का चुकली? भर उन्हात वाजली अन् सगळी तूर गोळा करून बसलो. जाऊ दे. तू डाक्टर झालीस का न्हाई?" आणि रुमाल काढून दिला. रुमालालाही तुरीचा वास. ती रुमाल तोंडावर धरून उभी राहिली. एवढा चांगुलपणा कुणी मागितला होता?

मग तो डाळीच्या पुड्या घेऊन थेट बाईंकडे गेला.

"मॅडम, वो जो छपा नहीं ना, मैं मुँह से बता दूँ क्या?" आणि बाई हैदराबादच्याच, कप खाली ठेवून म्हणाल्या, बताओ ना. झालं. तो सुरू झाला. अर्धं दखनी, अर्धं मराठी, जिथे शब्द अडला तिथे कानडी, आणि तूर परतताना फावडं कसं धरायचं ते हातवाऱ्यांनी. ईरम्मा ढगाकडे बघत नाही, घारींकडे बघते, आणि ती उठली की आम्हीपण उठतो, घंटा वाजो न वाजो. "कामून ते तिलाच इचारा मॅडम, मला न्हाई सांगत." आणि एकविसावं कलम — ते नको, ते नको — "बायकोचा परोग्राम अन् बायको, दोघंबी उगंच घाबरत्यात!" बाई हसल्या. सर हसले. प्राचार्य पुडी हातात धरून हसले.

कशाला हसले? ती चेहरे वाचत राहिली, एकेकाचा, बारकाईनं. आवडलं म्हणून, की गोड म्हणून? कळेना. आणि मग तिला स्वतःचंच कळलं. आत्ताच्या आत्ता, खोटं बोलून झाल्यावर, त्यानं रुमाल दिल्यावर, तो तिची बाजू सावरायला धडपडत असतानासुद्धा तिच्या मनात एकच चाललं होतं की यानं आता थांबावं. पुरे करावं. लाज खोट्याची वाटत होती, आणि त्याचीही वाटतच होती, अजून, गेली नव्हती. शी! किती हलकी आहे मी.

बीदरहून निघाले तेव्हा ऊन उतरलं होतं. रस्त्याच्या कडेची लाल माती गाडीच्या काचेवर बसत होती. तो खुशीत होता. बाईंनी त्याचा नंबर घेतला होता. गिरणीवर फोन करून त्यानं ईरम्माला सांगितलं, "झाली गं डाक्टर, सगळ्यांना चहा पाज." मग त्याच्या आईला फोन, मग बसवकल्याणला तिच्या वडिलांना, त्यांच्याशी बोलताना त्याचं "न्हाई" अलगद "नाही" झालेलं तिनं ऐकलं. रोजच होत असेल. आज ऐकलं. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं, कुणापुढे काय. इतकी वर्षं ठाऊक होतं.

हलबर्गा मागे पडलं. समोर उसाचा ट्रॅक्टर होता, तो पुढे काढला, आरसा पाहिला, आणि मग कोडं घातल्यासारखं, रागानं नाही, खरंच न समजून म्हणाला:

"मशीननं खाल्लं म्हणतीस. पन माझंच कसं खाल्लं गं? तुझं एक अक्षरबी न्हाई खाल्लं."

सांगता आलं असतं. एक ओळ होती, सांगायलाही एकच ओळ लागली असती. आणि सांगितलं की काय होईल तेही तिला समोरच्या रस्त्यासारखं स्वच्छ दिसत होतं. तो हसेल, म्हणेल, बरं केलंस, काय येड्यावाणी बोलत हुतो मी. हसणं त्याच्या गालाशी आत्ताच येऊन थांबलं होतं. सकाळपासून ती सापडायला भीत होती, आणि आता तिला दुसरीच भीती वाटायला लागली, की हा आपल्याला माफ करून सोडून देईल, सहज, गिरणीतल्या चुकलेल्या घंटेसारखं, आणि मग ही लाज ठेवायला जगात कुठे जागाच उरणार नाही.

तो वाट बघत होता, डोळे रस्त्यावर ठेवून. त्यानं विषय बदलू नये, एवढंच तिला वाटत राहिलं.