काकड्या निजायचा ती बोट

मी बोलतेय, धाकट्या डहाणूच्या खाडीत नांगरलेली एक मासेमारी बोट. माझा स्वभाव जळका आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी नावं ठेवायला नकोत.

माझा जन्म इथल्याच किनाऱ्यावर झाला. चिमण माझा तांडेल, मला दर्यात नेणारा. आगर गावच्या एका बोटीची केबिन बाजूंनी उघडी, तिचे खलाशी थंडीत कुडकुडायचे. माझी केबिन मात्र गच्च बंद, वाऱ्याला आत यायला जागाच नाही. त्या बोटीशेजारी उभी राहिले की मी जरा तोऱ्यातच असायचे.

माझे खलाशी तलासरीकडच्या पाड्यांवरचे. नारळी पौर्णिमेनंतर यायचे आणि पावसाच्या तोंडावर परत जायचे. त्यांतला काकड्या माझा लाडका. जाळं ओढून दमला की माझ्या फळीवर पडल्या पडल्या झोपायचा. पण बोलायचा ते घराचंच. कुडाच्या भिंती, सारवलेलं अंगण, आई, बायको हिरी. मला त्या घराचा भारी राग यायचा. वर्षातला बहुतेक काळ हा माझ्या कुशीत निजतो, आणि कौतुक मात्र त्या कुडाचं!

सन २०१६च्या हिवाळ्यात काकड्या खोकू लागला, वाळत गेला. चिमणनं त्याला घरी धाडलं. तपासणीत क्षय निघाला. पुढची हकिकत त्याच्याच पाड्यावरच्या लाहूनं, माझ्या दुसऱ्या खलाशानं, आणली. आरोग्य केंद्राच्या निर्मलाबाई घरी आल्या होत्या. रोग्याच्या जवळ कोण कोण राहिलं ते शोधून त्यांची तपासणी करायची, हे त्यांचं काम. त्यांनी विचारलं, घरात कोण कोण? काकड्यानं आई आणि हिरीचं नाव सांगितलं. विचारलं तेवढंच सांगितलं.

माझा तर जळफळाट झाला. इथंही मान त्या घरालाच! बोटीचं नाव निघालं नाही म्हणून लाहू मात्र खुशीत होता. तो काकड्याच्या शेजारी निजायचा आणि आता स्वतःच रात्री गोधडीत तोंड खुपसून खोकायचा. त्याची बायको गरोदर होती, काम सुटायची त्याला धास्ती. मला सगळं ऐकू येत होतं, पण मी कुणाला सांगणार?

एके सकाळी बर्फ भरून झाला होता, भरती लागली होती, आणि निर्मलाबाई खलाशांना तपासायला धक्क्यावर हजर. चिमण म्हणाला, परत आल्यावर बघू. बाई हलल्या नाहीत.

“काकड्याच्या घरची दोघं चांगली निघाली. मग मी विचारलं, बाबा, तू निजतोस कुठं? तर बोलला, बोटीवर. बोटच माझं घर.”

काय सांगू! त्या कुडाच्या घराची चांगली जिरली असं वाटलं मला. इतकी वर्षं ज्यांची वाट पाहिली, ते शब्द सगळ्या धक्क्यासमोर ऐकू आले.

तेवढ्यात बाईंनी केबिनमध्ये डोकं घातलं. “इतकी माणसं, दार लावून? मग हवा येते कुठून?”

माझा सगळा तोरा उतरला. जी ऊब मी मिरवत होते, तिच्यातच तो रोग माणसामाणसांत फिरत होता.

बाईंनी एकेकाला विचारलं. लाहू म्हणाला, मला काय नाय झालं. शेवटी चिमणच बोलला.

“लाहू, रात्रीचा खोकतोस ते मी ऐकतो रे. जा बाईंसोबत. तुझी जागा कुणाला देत नाय मी.”

त्या भरतीला आम्ही निघालोच नाही. सगळ्यांची तपासणी झाली. लाहूला क्षय निघाला, पण वेळेवर निघाला. बाळ जन्मलं तेव्हा लाहूची औषधं चालू होती आणि खोकला थांबला होता. चिमणनं माझ्या केबिनला दोन्ही बाजूंनी करवत लावून खिडक्या पाडल्या. दुखलं मला, पण ओरडले नाही.

आता २०१९ आहे. लाहू खिडकीशी निजतो. निर्मलाबाई अधूनमधून येतात, सगळे त्यांच्याभोवती बसतात, आणि मी त्यांच्यावरही जळते. त्यांना माणसं पोटातलं सांगतात. मला कुणी सांगत नाही, माझ्यासमोर नुसतं खोकतात.

तरी बाई, एक विनवणी आहे. कुणी खलाशी आजारी पडला, तर त्याचं घर विचारताना आम्हा बोटींचंही नाव घ्या.

काकड्या बरा झाला. हल्ली तो चिकूच्या वाडीत कामाला जातो, रोज संध्याकाळी त्या कुडाच्या घरी परततो. एवढ्या लोकांसमोर ज्यानं मला घर म्हटलं, तो बरा झाला आणि घरी गेला.