मोठ्यांचा पट्टा

“पोरले बीपी? म्हातारास्ना रोग शे तो! डोकाले तेल लाव, बठ्ठं बरं व्हई,” दोंडाईच्याहून निघताना सासूबाईंनी, बेबाबाईंनी, ऐकवलंच होतं. तरी सविता लेकीला घेऊन एसटीत बसली होती. सात वर्षांच्या विशाखाचं डोकं आठ महिने दुखत होतं. एक डॉक्टर म्हणाले चष्मा, दुसरे जंत, तिसरे मोबाईल. “बीपी बघता का?” विचारलं की सगळे हसत.

धुळ्याच्या दवाखान्यात निदान सिस्टरने मशीन तरी काढलं. पण पट्टा मोठ्या माणसाचा. विशाखाच्या काडीसारख्या दंडाला त्याचे अडीच वेढे बसले.

“एकशेवीस-ऐंशी. एकदम फर्स्टक्लास!”

“हा पट्टा मोठा होतोय हिला. मोठ्या पट्ट्याने बीपी कमी दिसतं, मी वाचलंय. लहान मुलांचा नाही का?”

“आहे ना, कपाटात. चावी मोठ्या सिस्टरकडे, त्या जेवायला गेल्यात. आणि ताई, तुम्ही नर्स आहात का?”

“नाही. आई आहे.”

“मग जा ना घरी. नॉर्मल आलंय.”

सविताला रडू आलं ते रागाचं. मुलीला मांडीवर घेऊन तिने दारातच बसकण मारली. “चावी येईपर्यंत उठणार नाही.”

“मम्मी, लोक बघतायत,” विशाखा कुजबुजली.

“बघू दे.”

तासाभराने कपाट उघडलं. छोटा पट्टा बसला. आकडा बघून सिस्टरने पट्टा सोडला, पुन्हा बांधला. एकशेबावन्न-एकशेचार. ती धावतच डॉक्टरांना घेऊन आली.

डॉक्टरांनी दोन्ही हातांचं, पायांचं बीपी घेतलं. मग स्टेथोस्कोप पोटावर टेकवून ते बराच वेळ ऐकत राहिले. “सूं असा आवाज येतोय. किडनीला रक्त नेणारी नळी अरुंद झाली असावी. रक्त कमी पोहोचलं की किडनीला वाटतं प्रेशरच कमी आहे, मग ती सगळ्या अंगाचं वाढवते. आजच भरती करा. उद्या डॉपलर सोनोग्राफी, त्यात नळीतलं रक्त कसं वाहतंय ते दिसेल.”

“किडनी वाचेल ना?”

“तपासण्यांनंतरच सांगता येईल. बऱ्याचदा फुग्याने नळी रुंद करता येते. पण इतके महिने प्रेशर असं राहिलंय... आधी का नाही आणलंत?”

“आणलं होतं डॉक्टर. तीन ठिकाणी.”

डॉक्टरांनी मान खाली घातली आणि भरतीचा कागद लिहायला घेतला.