बिनमिशांचे मामा

नंदाताईंना सख्खा भाऊ नव्हता, म्हणून अनिकेतला मामा नव्हता. ही उणीव थेट नैरोबीत भरून निघाली, असं त्या गेली तीन वर्षं नानाखेड्याच्या कॉलनीत सांगत फिरत होत्या. नोकरीसाठी तिकडे गेलेला अनिकेत फोनवर म्हणायचा, "आज शेजारच्या मामाकडे जेवलो," किंवा, "मामाने ताप उतरेपर्यंत घरीच ठेवून घेतलं." आता या वाक्यांत बाई की बुवा, हे कळायला जागाच कुठे होती? नंदाताईंच्या डोळ्यांसमोर एक धिप्पाड, टकले, मायाळू गृहस्थ उभे राहत. या गृहस्थांसाठी त्यांनी भैरवगढचा छापील शर्टपीस स्वतः जाऊन निवडला होता आणि अनिकेतच्या एका मित्राबरोबर पाठवला होता.

सुट्टीवर आलेल्या अनिकेतने दुसऱ्याच दिवशी ओट्याचा ताबा घेतला. नंदाताई बाफल्यांचं पीठ परातीत काढत होत्या.

"आई, बाफले उद्या. आज मी तिकडचं इरिओ करतो. तू बिलकुल हात नको लावू, आरामसे बस."

आराम कसला! पोरगा इतक्या लांबून येतो आणि आईच्या हातचं बाजूला सारतो, हे पाहत बसायचं म्हणजे शिक्षाच. तरी त्या स्टुलावर बसल्या. भिजवलेला राजमा आणि मक्याचे दाणे शिजवून झाले होते. त्यात आलू पडले, ते मऊ झाल्यावर मूठभर पालक पडला. मग मीठ, तेलात परतलेला कांदा, आणि संपलं. ना हळद, ना जिरं.

"हे काय रे, आजाऱ्याचं जेवण?"

"तू खाऊन तर बघ. मामा करते ना, मी तीन-तीनदा वाढून घेतो."

"करते?" नंदाताईंनी विचारलं.

"हो. का?"

उत्तर द्यायच्या आत त्याने फोन डब्याला टेकवून उभा केला आणि व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आली साठीची, गुबगुबीत, हसरी बाई. डोक्याला भैरवगढचा शर्टपीस घट्ट बांधलेला.

"मामा!" अनिकेत ओरडला. मग आईकडे वळून म्हणाला, "तिकडे आईला मामा म्हणतात. मला वाटलं, तुम्हाला माहितीये."

बाहेरच्या खोलीतून जयंतराव डोकावले आणि पोट धरून हसले. "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, ऐकलं होतं. इथं तर मिशा नसून मामा झाले!"

नंदाताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याचं हसणं त्यांनी नेहमीच्या खात्यात जमा केलं. पण तीन वर्षं आपला मुलगा एका परक्या बाईला आई म्हणतोय आणि आपण तिच्या गुणांचे पोवाडे गातोय? ती बाई तिकडून बोट नाचवून काहीतरी सांगत होती आणि हा मुकाट्याने आलू घोटत होता. घरात साधी चटणी वाटायला सांगितली तर दहा बहाणे करणारा हा पोरगा!

"नाव काय हिचं?" त्यांनी कोरडेपणाने विचारलं.

"मामा वांजिरू. म्हणजे वांजिरूची आई. वांजिरू तिची मुलगी. तिकडे बाईला लेकराच्या नावानेच हाक मारतात. खरं नाव मलापण माहीत नाही."

हे ऐकून नंदाताईंना जरा बरं वाटलं. असेना का मामा, पण वांजिरूची! नावातच लिहून ठेवल्यासारखं. त्या स्टुलावरून उठल्या, ओट्याजवळ आल्या आणि फोनकडे बघून थोडं हसल्यासुद्धा.

तेवढ्यात तिकडे दाराबाहेरून कुणा शेजारणीने खणखणीत हाक मारली, "मामा अनिकेत!"

आणि त्या बाईने सवयीने ओ दिली.

अनिकेतच्या हातातला मॅशर थांबला. "अगं, वांजिरू लग्न होऊन मोंबासाला गेली ना. मग तिच्याकडे येणारं-जाणारं लेकरू मीच उरलो. तर गल्लीवाले मजाकमध्ये…"

"मजाकमध्ये? ती ओ देते रे!"

नऊ महिने पोटात आपण वाहायचं आणि नाव तिसऱ्याच गल्लीत दुसरीने लावायचं! त्या बाईने पडद्यावरून नंदाताईंचा चेहरा पाहिला आणि तिला सगळं उमगलं. तिने शेजारणीला आत ओढलं, नंदाताईंकडे बोट केलं आणि हळू, स्पष्ट म्हणाली, "मामा अनिकेत." मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "मामा वांजिरू."

आपलीच वस्तू दुसरीने मोठ्या मनाने परत केली की माणूस जास्तच चिडतो. आता भांडायचीही सोय उरली नाही. काहीतरी खोट काढावी म्हणून नंदाताईंनी पातेल्यातला एक घास तोंडात टाकला. मऊ, गरम, गोडसर. चांगला लागला, आणि त्याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग आला. त्यांनी आणखी एक घास घेतला.

"सांग तिला," त्या फोनकडे न बघता म्हणाल्या, "यात चिमूटभर हिंग घालत जा म्हणावं. आपल्या अनिकेतला राजमा बाधतो."

"आपल्या?" अनिकेतने विचारलं.

"माझ्या म्हणाले मी. माझ्या सांग."

अनिकेत तिकडच्या भाषेत भडाभडा बोलला. त्यात त्याच्या नावापुढे दोनदा 'वेतू' असा एक शब्द आला, आणि दोन्ही वेळा ती बाई मान डोलावत राहिली. तो शब्द 'माझ्या' होता की 'आपल्या', हे नंदाताईंनी मुद्दामच विचारलं नाही.